विजोड भागांच्या एका जुन्या यंत्राची ओळख

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्र संमेलनात दिलेले व्याख्यान)



या मेजावर ठेवलेले यंत्र आपल्यापैकी पुष्कळांनी आत येतानाच पाहिले असेल. घोड्याच्या नालाच्या आकाराचा जड पाय, त्यावर आडवी बसविलेली पितळी नळी, नळीच्या पुढच्या तोंडाशी एक भिंग, मागच्या तोंडाशी डोळा लावावयाची नेत्रिका, अशी त्याची ठेवण आहे. आपल्या जिल्ह्यातील एका शाळेला ते फार वर्षांपूर्वी एका जुन्या घरातून देणगीदाखल मिळाले. जडवस्तू संग्रह नोंदवहीत त्याची नोंद 'सूक्ष्मदर्शक यंत्र, नादुरुस्त' अशी आहे. पुढे कोणीतरी त्या नोंदीखाली पेन्सिलीने 'दुर्बीण?' असे लिहून ठेवले. यातून किडामुंगी मोठी दिसेना आणि चंद्रही दिसेना. तेव्हा यंत्र निर्लेखनाच्या यादीत गेले व पितळ वजनावर विकावे असा शेरा पडला. भंगारवाल्याने वजनसुद्धा करून पाहिले होते. त्या शाळेतील एका शिक्षिकाबाईंनी मुख्याध्यापकांजवळ आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि यंत्राची लाकडी पेटी, आतील सर्व लहानमोठ्या वस्तूंसह, मजकडे धाडली. 'सर्व वस्तूंसह' हे शब्द आपण ध्यानात ठेवावेत. त्यांचे महत्त्व पुढे कळून येईल.

अनेक घरचे भाग एकत्र आणून जुळविलेली अशी यंत्रे जुन्या शाळांतून, संस्थानी वाड्यांतून आणि बाजारांतून वारंवार आढळतात. त्यांची ओळख पटविताना आपली पहिली चूक ही होते की, यंत्रावर कोठे नाव कोरलेले आहे ते आपण शोधतो आणि ते नाव सबंध यंत्राला लावून मोकळे होतो. याच यंत्राच्या पायावर वेट्झलार येथील लाइट्स या प्रसिद्ध जर्मन कारखान्याचे नाव व क्रमांक आहे. लाइट्सचे सूक्ष्मदर्शक नामांकित. तेव्हा नोंदवहीतील नाव तेथूनच आले असावे हे उघड आहे. अशा क्रमांकावरून निर्मितीचा काळ बहुधा सांगता येतो. परंतु तो काळ त्या पायापुरता असतो. नळी कोणाची, भिंग कोणाचे, याविषयी पाय काहीही बोलत नाही. यास्तव 'हे काय आहे?' हा प्रश्न काही वेळ बाजूस ठेवावा व प्रत्येक भागास दोन प्रश्न निरनिराळे विचारावेत : तू मूळचा कोठला? आणि तुला येथे कशासाठी आणले?

तत्पूर्वी काही पथ्ये सांगणे अवश्य आहे. जुने पितळ दिसले की चिंच, राख किंवा बाजारातील पॉलिश लावून ते झळझळीत करण्याची हौस आपल्याकडे फार. तसे मुळीच करू नये. जुन्या यंत्रांच्या पितळेवर लाखेसारखा पातळ लेप असतो, आणि हा लेप कोठे गडद आहे, कोठे फिका आहे, कोठे एखाद्या कड्याखाली झाकला जाऊन नव्यासारखा राहिला आहे, यावरून पूर्वी तेथे कोणता भाग बसविलेला होता ते समजते. पॉलिशने हा सर्व पुरावा एका दुपारीत नाहीसा होतो. दुसरे असे की, जे हाताने सहज सुटत नाही ते पकडीने सोडवू नये. हॉलंडमध्ये लेव्हनहूक यांच्या सतराव्या-अठराव्या शतकातील सूक्ष्मदर्शकांची भिंगे पितळी पत्र्यांमध्ये जखडलेली आहेत. ती कशी घडविली हे पाहण्यासाठी तेथील संशोधकांनी पत्रे उचकटले नाहीत. न्यूट्रॉन किरणांच्या साहाय्याने त्यांनी बाहेरूनच भिंगांचा आकार पाहिला व २०२१ मध्ये तो प्रसिद्ध केला. उट्रेख्ट येथील २६६ पट मोठे दाखविणाऱ्या यंत्रातील भिंग काच वितळवून केलेला चिमुकला गोल आहे असे त्यावरून समजले. आपल्यापाशी न्यूट्रॉन किरण नाहीत हे खरे. परंतु संयम आपल्यालाही परवडतो. तिसरे पथ्य सर्वांत मोठे. कोणत्याही अनोळखी नळीतून सूर्याकडे पाहू नये आणि मुलांस पाहू देऊ नये. डोळा क्षणात कायमचा जाऊ शकतो, आणि त्या क्षणी वेदनाही होत नाही.

आता पायापासून आरंभ करू. सूक्ष्मदर्शकाचा हा पाय जड आहे व त्यातील सांध्यामुळे वरचा भाग हवा तितका कलता, अगदी आडवासुद्धा करता येतो. बाजूच्या मोठ्या गुंड्या फिरविल्या की दातेरी पट्टीवर सबंध नळी पुढेमागे सरकते. सूक्ष्मदर्शकात याच हालचालीने प्रतिमा स्पष्ट होते. येथे मात्र गुंडी कितीही फिरविली तरी प्रतिमेत काडीचा फरक पडत नाही. यंत्र 'नादुरुस्त' ठरले ते बहुतांशी यामुळेच. वस्तुतः गुंडी उत्तम चालते; तिच्या चालण्याचे येथे काही प्रयोजन उरलेले नाही, इतकेच. यावरून पाय केवळ टेकू म्हणून घेतला असावा असे अनुमान निघते.

नळी दुसऱ्याच घरची आहे. तिच्यावर बारीक अक्षरांत 'लंडन' असे कोरलेले आहे. आत कागदी नळकांड्यातून उजेड सोडून पाहिले असता मध्यभागी आटे दिसतात, आणि त्या आट्यांत काहीही बसविलेले नाही. रिकामे आटे किंवा रिकामे भोक हे यंत्राच्या ओळखीत फार मोलाचे असते. येथे एके काळी काही होते आणि ते मुद्दाम काढले, अशी ती साक्ष असते. खलाशी व शिकारी वापरीत त्या लहान दुर्बिणीत प्रतिमा सुलटी करण्यासाठी मध्ये आणखी भिंगे घालावी लागतात. तीच येथून काढली आहेत. प्रतिमा उलटी दिसली तर चालेल, किंबहुना उजेड वाया न जाणे अधिक महत्त्वाचे, असे काढणाऱ्यास वाटले असले पाहिजे.

नळीच्या पुढील भिंगाची परीक्षा आपल्या कोणत्याही शाळेत करता येईल अशी आहे. अंधाऱ्या खोलीत मेणबत्ती लावून तिची प्रतिबिंबे भिंगात पाहावीत. साध्या भिंगाला दोन पृष्ठे असतात, म्हणून दोन प्रतिबिंबे दिसतात. येथे दोन ठळक व त्यांखेरीज एक अतिशय मंद असे तिसरे दिसले. हे तिसरे प्रतिबिंब दोन काचा जेथे एकमेकींस चिकटविल्या आहेत त्या जोडाचे. म्हणजे हे जोडभिंग आहे. एकाच काचेचे भिंग वस्तूच्या कडांना रंगांची झालर लावते. दोन प्रकारच्या काचा जोडून ती बरीचशी नाहीशी करण्याच्या युक्तीचे एकस्व लंडनच्या जॉन डॉलंड यांनी १७५८ मध्ये घेतले, आणि त्यानंतर अशी भिंगे सर्वत्र झाली. आधुनिक भिंगांवर दिसणारी निळसर-जांभळी झाक येथे नाही. ही झाक एका पातळ लेपाची असते, व तो लेप देण्याची रीत झाइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काढली. झाक असेल तर भिंग बहुधा त्या सालापूर्वीचे नव्हे असे म्हणता येते. झाक नसेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण लेपाविना भिंगे पुढेही पुष्कळ निघाली. असा एकतर्फी पुरावा दुतर्फी मानण्याचा मोह टाळावा लागतो.

त्यानंतर खिडकीबाहेरील दूरच्या झाडाची प्रतिमा समोरच्या भिंतीवर पाडून भिंगाचे नाभीय अंतर मोजले. ते २० सेंटिमीटर भरले. हा आकडा पुढे उपयोगी पडणार आहे.

नेत्रिकेच्या बाबतीत मापपट्टी फार बोलकी असते. सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिका बहुधा २३.२ मिलिमीटर व्यासाच्या, आणि आकाशदर्शनाच्या दुर्बिणींच्या २४.५ किंवा ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या असतात. (सूक्ष्मदर्शकाच्या पुढील भिंगाच्या आट्यांचेही असेच एक माप लंडनच्या सूक्ष्मदर्शक-संस्थेने १८५८ मध्ये ठरविले : व्यास इंचाचा ०.८ भाग, आणि एका इंचात ३६ आटे. ते आजही पुष्कळ चालते. एका देशाचे भिंग दुसऱ्या देशाच्या यंत्रावर बसते ते या शहाणपणामुळे. आणि विजोड यंत्रे इतकी बेमालूम जुळतात त्याचेही एक कारण हेच.) आपली नेत्रिका यांपैकी कोणत्याच मापाची नाही. ती काढून छापील पानावर धरली तर साध्या भिंगाप्रमाणे अक्षरे मोठी दिसतात. सूक्ष्मदर्शकात सर्रास असणारी हायगेन्सची नेत्रिका अशी वापरता येत नाही. ही रॅम्सडेनच्या पद्धतीची आहे. जेथे मोजमाप करावयाचे असते तेथे ही पद्धत वापरतात, कारण हिच्या पुढे तारा बसविता येतात. तशा तारा येथे आहेत : एक उभी, एक आडवी, आणि आडवीच्या वरखाली आणखी दोन आखूड आडव्या. या दोन आखूड तारांनी मूळ घर तत्काळ सांगितले. कालव्याची किंवा रस्त्याची पाहणी करणारे ओव्हरसियर ज्या डंपी लेव्हलमधून दूरच्या उभ्या काठीवरील आकडे वाचीत, त्या यंत्रात अंतर काढण्यासाठी या तारा असतात. येथे त्यांना काही काम नाही. घर सोडून आलेल्या माणसाच्या बोलण्यात जुन्या गावचा हेल राहावा, तशा त्या राहिल्या आहेत.

याप्रमाणे पाय सूक्ष्मदर्शकाचा, नळी व भिंग हातदुर्बिणीचे, नेत्रिका भूमापनाच्या यंत्राची. तीन कुळे निश्चित झाली, पण यंत्राची ओळख काही पटली नाही. पुष्कळांचा शोध येथेच थांबतो आणि 'कोणीतरी हौसेने जोडलेली वस्तू' असा निकाल देऊन यंत्र पुन्हा कपाटात जाते. अशा वेळी, या तिन्ही कुळांत न बसणारा एखादा भाग आहे काय, ते पाहावे.

तो भाग आहे. पायाच्या कड्यात नळी घट्ट बसावी म्हणून मध्ये एक पितळी कडे घातलेले आहे. ते लेथवर अतिशय नेटके कातलेले असून त्यावर कोणाचेही नाव नाही. हे कडे दुसऱ्या कोणत्याही यंत्राचे असूच शकत नाही. ते याच जोडणीसाठी घडविले. त्याच हाताने नळीच्या मागच्या टोकाशी एक खाच पाडली आहे, व तीतून नेत्रिका सरकवून एका काळ्या गुंडीने आवळता येते. गुंडी बेकेलाइटची आहे. बेकेलाइट हा पदार्थ लिओ बेकेलँड यांनी १९०७ मध्ये शोधून काढला. गुंडीच्या स्क्रूचे आटे आणि खाचेतील पट्टीचे आटे एकाच वेळी पाडलेले दिसतात, तेव्हा ही गुंडी मागाहून बदललेली नव्हे; आणि म्हणून ही जोडणी १९०७ नंतरची ठरते. पायावरील क्रमांक किंवा नळीवरील अक्षरे कितीही जुनी असोत, जोडलेले यंत्र आपल्या सर्वांत धाकट्या भागाहून जुने असू शकत नाही.

आता ती खाच पाहा. ती फक्त एक सेंटिमीटर लांब आहे. तिच्यामुळे पुढील भिंग व तारा यांमधील अंतर २२ सेंटिमीटरपेक्षा कमी होत नाही आणि २३ पेक्षा अधिक होत नाही. भिंगाचे नाभीय अंतर २० सेंटिमीटर. शालेय पुस्तकातील भिंगाचे सूत्र घेऊन हिशेब केला तर असे निघते की, या यंत्रातून सुमारे दीड मीटरपासून सव्वादोन मीटरपर्यंतच्याच वस्तू स्पष्ट दिसतील. त्याहून जवळचे दिसणार नाही, दूरचेही दिसणार नाही. चंद्र का दिसेना याचा उलगडा येथे झाला. ज्याने असे नेटके कडे कातले त्याला खाच लांब पाडता येत नव्हती असे नव्हे. त्याला याहून अधिक नकोच होते. मग सुमारे दोन मीटर अंतरावर, तेही तारेवर धरून, पाहण्यासारखे असे काय होते?

याचे उत्तर पेटीत होते. पेटीच्या तळाशी पांढरा कागद चिकटविलेली एक लाकडी पट्टी निघाली. तिच्यावर मिलिमीटरच्या रेघा व इंग्रजी आकडे आहेत. मागील बाजूस कोणीतरी 'छपाई चुकलेली' असे लिहिले आहे, आणि वरवर पाहता ते खरेच वाटते. पाण्याकाठच्या देवळाचे प्रतिबिंब पडावे तसे आकडे वरचे खाली झालेले आहेत. इंग्रजी आकड्यांतील शून्य, तीन व आठ हे असे उलटविले तरी जवळजवळ तसेच दिसतात. म्हणून ३० व ८० बरोबर आणि २० व ४० चुकलेले, असा घोटाळा दिसतो. वास्तविक पट्टीवर एकही चूक नाही. साध्या आरशात उजव्याचे डावे होते. आपल्या यंत्रात, मधली भिंगे काढल्यामुळे, उजव्याचे डावे व वरचे खाली अशी दोन्ही उलटापालट होते. या दोहोंची बेरीज केली असता डावे-उजवे पुन्हा जागेवर येते आणि वरचे खाली एवढेच उरते. अर्थात पट्टीवर आकडे आधीच वरचे खाली छापले, तर आरशातून व यंत्रातून पाहणाऱ्यास ते सरळ दिसतील. पट्टीला आरसा हवा होता. यंत्रापासून आरसा एक मीटर, आरशापासून परत पट्टीपर्यंत एक मीटर, मिळून दोन मीटर. खाचेचाही हिशेब जुळला.

हे यंत्र म्हणजे वाचन-दुर्बीण होय. अत्यंत अल्प विद्युत्प्रवाह किंवा चुंबकाची सूक्ष्म हालचाल मोजावयाची असता, हलणाऱ्या भागावर नखाएवढा आरसा चिकटवितात व दुरून त्या आरशात पट्टीचे प्रतिबिंब पाहतात. आरसा किंचित वळला तरी प्रतिबिंब उभ्या तारेवरून सरकते. आरसा जितका वळतो त्याच्या दुप्पट किरण वळतो, म्हणून एक मीटरवरील पट्टीचा एक मिलिमीटर म्हणजे आरशाचे वळणे अंशाच्या पस्तिसाव्या भागाइतकेच. ही युक्ती जर्मनीत योहान पोगेनडॉर्फ यांनी १८२६ च्या सुमारास सुचविली, आणि थोर गणिती कार्ल गाउस यांनी गटिंगेन येथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या मोजणीसाठी ती उपयोगात आणली. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी आपल्याकडे कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून होऊ लागली व १९०४ मध्ये अलिबागेस हलविण्यात आली, हे आपणांस ठाऊक असेल. अशी दुर्बीण कारखान्यातून तयार मिळे. पण ज्या प्रयोगशाळेस ती घेणे परवडले नाही, तेथील कोणा हुशार कारागिराने मोडक्या तीन यंत्रांतून ती उभी केली. आडवा होणारा जड पाय, चांगले जोडभिंग आणि तारांची नेत्रिका या तिहींची त्याला गरज होती, आणि नेमकी तीच त्याने उचलली. ही निवड पाहिली म्हणजे 'हौसेने जोडलेली वस्तू' हे शब्द फार अन्यायाचे वाटतात.

विजोड यंत्र म्हणजे खोटे यंत्र, अशी समजूत असेल तर ती टिकणारी नाही. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात गॅलिलिओ यांची कातडी मढविलेली, सोनेरी नक्षीची दुर्बीण आहे. सुमारे २० पट मोठे दाखविणारी ही नळी ९२७ मिलिमीटर लांब आहे. तिची मूळ नेत्रिका हरवली व आजची नेत्रिका एकोणिसाव्या शतकातील आहे. संग्रहालय तसे स्वच्छ सांगते, आणि त्यामुळे दुर्बिणीचा मान तिळभरही कमी झालेला नाही. याउलट त्याच संग्रहालयातील एक सूक्ष्मदर्शक पूर्वी गॅलिलिओंच्या नावावर होता; आता तो त्यांच्या मागून झालेल्या जुझेप्पे कांपानी यांचा मानतात. आपल्या देशातही कोडाईकनाल येथे एक सहा इंची दुर्बीण आहे. ती पॅरिसच्या लेरेबूर व सेक्रेतां यांजकडून १८५० मध्ये मद्रासच्या वेधशाळेसाठी घेतली आणि १८९८ मध्ये डब्लिनच्या ग्रब कारखान्याने तिची नव्याने जुळणी केली. तिचे एकच जन्मवर्ष लिहावयाचे म्हटले तर काय लिहिणार? पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील कावसजी नायगमवाला यांची वीस इंची दुर्बीणही १९१२ मध्ये तेथेच गेली, हे जाता जाता सांगतो.

आपल्या यंत्रासाठी मी पुढीलप्रमाणे चिठ्ठी सुचविली आहे व शाळेने ती मान्य केली आहे : 'वाचन-दुर्बीण. प्रयोगशाळेत जुळविलेली, १९०७ नंतर. पाय : सूक्ष्मदर्शकाचा, लाइट्स, वेट्झलार. नळी व भिंग : हातदुर्बिणीचे, लंडन. नेत्रिका : भूमापन यंत्राची. कडे, खाच व गुंडी : याच यंत्रासाठी केलेली. सोबत पट्टी, आकडे मुद्दाम उलटे.' नोंदवहीतील जुनी नोंद खोडू नये. तिच्यापुढे नवी लिहावी व तारीख घालावी. मुलांना दोन्ही नोंदी वाचू द्याव्यात. सहावी-सातवीची मुले मेणबत्तीची परीक्षा व भिंतीवरची प्रतिमा स्वतः करू शकतात, आणि उलट्या आकड्यांचे कोडे तर पाचवीतील मुलीही माझ्याआधी सोडवितील असा मला भरवसा आहे.

पेटीसंबंधी एकच सांगावयाचे राहिले. भंगारवाल्यास पितळ हवे होते. पट्टी त्याने घेतलीच नसती, आणि ती एखाद्या वर्गात रेघा मारण्याच्या कामी लागून झिजली असती. पट्टी नसती तर दोन मीटरांचे गूढ आपणांस उकलले नसते. म्हणून जुन्या पेटीतील वस्तू, मग ती कागदाचा कपटा असो की मोडका स्क्रू, पेटीपासून वेगळी करू नये. नेत्रिकेतील तारांना बोट किंवा कापूस लावू नये. धूळ दिसली तरी चालेल. यंत्र मऊ सुती कापडात गुंडाळून, ओलीपासून दूर ठेवावे. पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते आणि ती काच खाते.

समोरच्या खिडकीपाशी मी रेशमी दोऱ्याला एक लहान आरसा टांगून ठेवला आहे आणि पट्टी येथे यंत्राखाली बसविली आहे. आपण ओळीने यावे, नेत्रिकेशी डोळा धरावा, आणि शेजारच्याला खिडकीजवळ हलकेच फुंकर घालावयास सांगावे. आकडे सरळ दिसतील. गुंडीस मात्र कोणी हात लावू नये. ती मी दोन मीटरांवर लावून ठेवली आहे.